तोफेच्या नळीचे आयुष्य

जुन्या तोफांकडे पाहताना प्रेक्षकाची नजर बहुधा बाहेरच्या अंगावरच खिळते. तोंडाशी कोरलेला सिंह, पाठीवरचा फारसी किंवा देवनागरी लेख, उचलण्यासाठी केलेल्या कड्या आणि ओतकाम करणाऱ्याचे नाव हे सारे वर्णनात येते. इतिहासग्रंथांतही तोफेची लांबी, वजन आणि गोळ्याचा आकार एवढ्यावर भागते. तोफेचे खरे चरित्र मात्र तिच्या पोटात, नळीच्या आतल्या पृष्ठभागावर लिहिलेले असते. ती किती वेळा डागली गेली, कशा दारूने, कोणत्या गोळ्याने आणि किती घाईने, याची नोंद तेथे ओरखडे, खळगे आणि झिजलेल्या कडा यांच्या रूपाने राहते.

एक तोफ शंभर वर्षे सेवेत राहते आणि तिच्याच मापाची दुसरी एका वेढ्यात निकामी होते. एका बंदुकीची नळी हजारो गोळ्यांनंतरही नेम धरते, तर दुसरीची काही काळातच भरकटू लागते. या फरकाची कारणे शोधू लागले की धातुशास्त्र, रसायन, खजिन्याची स्थिती आणि लढाईची रीत एकत्र येतात. मराठ्यांच्या लष्करी इतिहासातील एक फारसे चर्चिले न गेलेले पानही त्यातून उलगडते.

पंचरसी आणि बिडाची

दारूगोळ्याच्या पहिल्या चारपाच शतकांत ओतीव तोफेसाठी मुख्यत्वे दोन धातू वापरात होते. पहिला तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू. आपल्याकडे अशा तोफांना पंचरसी म्हणत. साधारणपणे त्यात दहा भागांत नऊ भाग तांबे आणि एक भाग कथील असे. दुसरा धातू बीड, म्हणजे ओतीव लोखंड.

पंचरसी तोफ चिवट असते. अतिदाबाने ती फुगेल, तिला तडा जाईल, पण सहसा एकदम फुटून गोलंदाजांच्या अंगावर येणार नाही. त्याच सामर्थ्याची बिडाची तोफ जाड आणि जड करावी लागे, आणि ती फुटली तर पूर्वसूचना न देता फुटे. म्हणून मैदानी लढाईत, जेथे हलकेपणा आणि भरवसा दोन्ही हवेत, तेथे पंचरसी तोफेला मान होता. किल्ल्यांच्या बुरुजांवर आणि जहाजांवर स्वस्त बिडाच्या तोफा चालत.

परंतु चिवट असलेला हा मिश्रधातू मऊही असतो, आणि झिजेचा प्रश्न येथेच उभा राहतो. गोळा नळीत सहज सरकावा म्हणून तो नळीपेक्षा किंचित लहान ठेवावा लागे. दारू पेटताच वरच्या फटीतून वायू वेगाने निसटत आणि गोळ्याला खाली दाबत. जेथे गोळा टेकलेला असे, नेमक्या त्याच जागी हळूहळू खळगा पडे. मग गोळा उडी घेतल्यासारखा निघे, नळीच्या वरच्या बाजूस आपटे, पुन्हा खाली येई आणि तोंडाशी आणखी एक धक्का देऊन बाहेर पडे. दर बाराला खळगा वाढे आणि खळगा वाढला की नेम बिघडे.

दुसरे दुखणे कानाचे. बत्ती देण्याच्या बारीक छिद्राला तोफेचा कान म्हणत. दर बाराला त्यातून तप्त वायूची धार उसळे आणि छिद्र रुंदावत जाई. कान फार मोठा झाला की दारूचा जोर त्यातूनच वाया जाई आणि तोफ जवळजवळ निरुपयोगी ठरे. यावर उपाय म्हणून कानाच्या जागी शुद्ध तांब्याची पोकळ फिरकी बसवीत, आणि ती झिजली की नवी घालीत. झिजणारा भाग वेगळा करून बदलता यावा, ही कल्पना पुढे शेकडो वर्षे उपयोगी पडली.

उष्णता ही तिसरी अडचण. भराभर डागलेली पंचरसी तोफ तापली की मऊपणा आणखी वाढे. लांब वेढ्यांत अशा तोफांची तोंडे खाली लवल्याच्या नोंदी युरोपीय युद्धांत मिळतात. उलट अहमदनगर येथे १५४९ मध्ये ओतलेली आणि पुढे विजापूरच्या बुरुजावर चढलेली मलिक-ए-मैदान तोफ आजही दिमाखाने उभी आहे. एवढ्या प्रचंड तोफा दिवसभर सतत डागल्या जात नसत. नळीचे वय वर्षांत मोजत नाहीत, बारांत मोजतात.

१८०३ चा एक अहवाल

महादजी शिंदे यांनी १७८४ मध्ये सावॉयचा सेनानी द बॉयन याला चाकरीत घेतले. त्याच्या कवायती पलटणींबरोबर तोफखान्याचीही नव्याने उभारणी झाली. आग्रा येथील कारखान्याची देखरेख सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराकडे होती. मथुरा आणि उज्जैन येथेही तोफा ओतल्या जात. लालसोट (१७८७), पाटण आणि मेडता (१७९०) व लाखेरी (१७९३) या लढायांत हा तोफखाना गाजला. महादजींचे १७९४ मध्ये निधन झाले, थोड्याच काळात द बॉयनही मायदेशी परतला, आणि सैन्याची सूत्रे पेराँ या फ्रेंच अधिकाऱ्याकडे गेली.

दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात ११ सप्टेंबर १८०३ रोजी दिल्लीजवळ पटपडगंज येथे जनरल लेकच्या फौजेने दौलतराव शिंद्यांच्या पलटणींचा पराभव केला. त्या दिवशी ६८ तोफा कंपनीच्या हाती लागल्या. विजयी सैन्याने त्यांची यादी आणि तपासणीचा अहवाल तयार केला. लूट मोजण्यासाठी झालेली ही नोंद आज शिंदेशाही कारखान्यांविषयीचा एक मोलाचा पुरावा ठरते.

एक पोर्तुगीज तोफ सोडली तर सर्व पंचरसी तोफा याच देशात ओतलेल्या असल्याचे त्या अहवालात म्हटले आहे. काहींवर मथुरेचे, काहींवर उज्जैनचे नाव होते. मापे बहुतेक फ्रेंच पद्धतीची होती, आणि आराखडा व कारागिरी युरोपीय हाताची असावी, असे मत तपासनिसांनी नोंदविले. याहून महत्त्वाची नोंद १३ चार पौंडी तोफांची आहे. या तोफांच्या पोटात लोखंडी नळी होती आणि तिच्याभोवती पंचरसी धातू ओतलेला होता. दोन धातूंची सीमारेषा ओळखू येत होती.

असे का केले असावे, याचे कारणही त्या परीक्षकांनी दिले. उत्तरेकडील प्रांतांत ओतीव लोखंडाचे गोळे दुर्मीळ होते. म्हणून ठोकून घडविलेले गोळे वापरावे लागत. हातोड्याने घडविलेला गोळा कितीही काळजी घेतली तरी पूर्ण गुळगुळीत होत नाही, आणि त्याचे उंचवटे मऊ नळी ओरबाडून काढतात. ती इजा टाळण्यासाठी आत कठीण लोखंडाची नळी आणि बाहेर चिवट पंचरसी धातू, अशी योजना केलेली होती.

या नोंदीचे मोल दुहेरी आहे. मराठ्यांच्या तोफा निकृष्ट होत्या, म्हणून ते हरले, असे विधान पूर्वी सर्रास केले जाई. येथे प्रत्यक्ष शत्रूचे तज्ज्ञच सांगतात की या तोफांमागे झिजेचा विचार करणारे डोके होते. गोळा चांगला मिळत नाही ही उणीव ओळखून तिचा उपाय नळीच्या रचनेत शोधला गेला होता. त्याच महिन्यात २३ तारखेला असईच्या रणांगणावर आर्थर वेलस्लीच्या सैन्याची जी भयंकर हानी झाली, तीही मुख्यतः शिंद्यांच्या तोफांनीच केली. पराभवाची कारणे तोफेच्या नळीत नव्हती. ऐन युद्धात पेराँसह अनेक युरोपीय अधिकाऱ्यांनी शिंद्यांची साथ सोडली, आणि शिंदे, भोसले व होळकर यांची एकजूट झाली नाही, ही कारणे अधिक वजनदार आहेत.

दुसरे असे, की लोखंडी नळीवर पंचरस ओतण्याची कल्पना युरोपीय कारागिरानेच येथे आणली, असे मानण्याचे कारण नाही. गोवळकोंड्याच्या मुसा बुरुजावरील अझदहा-पैकर ही सतराव्या शतकातील औरंगजेबाच्या काळची तोफ अशाच दुहेरी रचनेची आहे: आत लोखंड, बाहेर पंचरस. म्हणजे या देशातील ओतकामाच्या परंपरेला ही युक्ती शंभराहून अधिक वर्षे आधीपासून परिचित होती. मथुरा आणि उज्जैनच्या भट्ट्यांवर फ्रेंच मापे व देशी ओतकाम यांचा मिलाफ झाला असावा, हा तर्क अधिक सयुक्तिक दिसतो.

वेलिंग्टनला मिळालेला धडा

असईचा विजेता वेलस्ली पुढे वेलिंग्टन या नावाने स्पेन-पोर्तुगालमध्ये नेपोलियनच्या सैन्याशी लढला. मे-जून १८११ मध्ये त्याने बदाहोसच्या किल्ल्याला वेढा घातला. जवळ आधुनिक वेढ्याच्या तोफा नसल्याने पोर्तुगालमधील एल्व्हासच्या किल्ल्यावरील जुन्या पंचरसी तोफा आणाव्या लागल्या. त्यांतील कित्येक सतराव्या शतकातल्या होत्या. शत्रूच्या माऱ्याइतक्याच त्या स्वतःच्या माऱ्याने निकामी होऊ लागल्या. कोणाचा कान रुंदावला, कोणाचे तोंड लवले. गोळेही मापाचे नव्हते. तटाला उपयुक्त खिंडार पडलेच नाही. दोन हल्ले फसले आणि वेढा उठवावा लागला. झिजलेल्या नळीची किंमत तटाखाली पडलेल्या शिपायांनी चुकती केली.

पुढच्या वर्षी स्यूदाद रोद्रिगो येथे आणि १८१३ मध्ये सान सेबास्तियान येथे इंग्रजांनी बिडाच्या २४ पौंडी तोफा लावल्या. त्यांनी पंचरसी तोफांना न झेपणाऱ्या गतीने मारा केला आणि तरीही नळ्या टिकल्या. बीड ठिसूळ खरे, पण कठीण. सततच्या माऱ्यात कठीणपणाच उपयोगी पडला. दिल्लीजवळ हाती लागलेल्या त्या १३ तोफांनी हाच प्रश्न लहान प्रमाणावर आणि निराळ्या रीतीने सोडविला होता.

धूर गेला, झीज आली

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नळीच्या आत मळसूत्री खोबणी कापलेल्या बंदुका सर्वत्र रूढ झाल्या. खोबणीमुळे गोळीला फिरकी मिळते आणि ती सरळ जाते. साहजिकच नळीचे आरोग्य आता त्या बारीक खोबणीच्या कडांवर अवलंबून राहिले.

ब्रिटिश सैन्याने १८८८ मध्ये ली-मेटफर्ड ही बंदूक स्वीकारली. विल्यम मेटफर्ड या अभियंत्याने आखलेली तिची सात खोबणी उथळ आणि गोलसर कडांची होती. त्यामागे पक्के कारण होते. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग घन अवशेष म्हणून उरतो. काही धुरावाटे जातो, काही नळीत चिकटतो. गोलसर खोबणीत हा मळ कमी साचे आणि लवकर निघे. म्हणजे मेटफर्डची नळी काळ्या दारूच्या दोषावर योजलेला नेमका इलाज होती.

पण १८८९ मध्ये फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्यूअर यांनी कॉर्डाइट या निर्धूर दारूचे पेटंट घेतले, आणि दोनतीन वर्षांतच ती मेटफर्डच्या काडतुसात भरली जाऊ लागली. तिच्यात ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन आणि ५ टक्के व्हॅसलीन होते. धूर नाहीसा झाला, मळ जवळजवळ संपला, गोळीचा वेग वाढला. मात्र या दारूचे वायू काळ्या दारूपेक्षा कितीतरी अधिक तप्त होते. त्यांच्या माऱ्यापुढे मेटफर्डच्या उथळ कडा काही हजार गोळ्यांत पुसट होऊ लागल्या. ज्या मळासाठी त्या उथळ ठेवल्या होत्या, तो मळच आता उरला नव्हता. अखेर १८९५ मध्ये एन्फील्डच्या सरकारी कारखान्याने पाच खोल, चौकोनी कडांची खोबणी असलेली नळी काढली आणि बंदुकीचे नाव ली-एन्फील्ड झाले. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढलेल्या मराठा पलटणींच्या हाती याच घराण्याची बंदूक होती.

तोफांमध्ये हा प्रश्न अधिक गंभीर झाला. एल्स्विकच्या कारखान्यातील सर अँड्र्यू नोबल यांनी निरनिराळ्या दारूंच्या प्रयोगांवरून दाखविले, की नळी खाल्ली जाण्याचे प्रमाण दाबापेक्षा वायूंच्या उष्णतेशी अधिक निगडित आहे. लॉर्ड रॅले यांच्या अध्यक्षतेखालील स्फोटक समितीने बोअर युद्धाच्या सुमारास याच दिशेने काम केले. परिणामी १९०१ पासून कॉर्डाइटमधील नायट्रोग्लिसरीन ३० टक्क्यांवर आणले गेले आणि गनकॉटन ६५ टक्क्यांपर्यंत वाढविले गेले. वजनामागे दारूचा जोर थोडा घटला, पण नळ्यांचे आयुष्य वाढले. भारतात निलगिरीतील अरुवनकाडू येथे कॉर्डाइटचा सरकारी कारखाना १९०४ मध्ये उभा राहिला.

झीज नेमकी कशाने होते

गोळी घासून नळी झिजते, हा सर्वसाधारण समज अर्धाच खरा आहे. आधुनिक नळीत सर्वाधिक हानी दारूच्या कोठीलगत, खोबणी सुरू होते तेथे होते. त्या जागी वायू सर्वांत तप्त असतात. पोलाद सुमारे दीड हजार अंशांना वितळते आणि दारूचे वायू त्याहूनही उष्ण असतात. नळी वितळत नाही, कारण संपर्क अत्यंत अल्प असतो. परंतु पृष्ठभागाचा पातळ थर क्षणात तापतो आणि क्षणात निवतो; वायूंतील कार्बन आणि नायट्रोजन त्यात शिरून तो ठिसूळ करतात; त्याला जाळीसारखे तडे जातात आणि पुढचे बार त्या तड्यांच्या कडा खरवडून नेतात.

गोळी नळीत असण्याचा काळ सुमारे दीड सहस्रांश सेकंद धरला, तर दहा हजार गोळ्या झाडणाऱ्या नळीचे एकूण कार्यरत आयुष्य जेमतेम पंधरा सेकंदांचे ठरते.

हे ध्यानात घेतले की निरनिराळ्या नळ्यांच्या आयुष्यातील फरक समजतो. दारू जितकी तप्त, तितकी झीज अधिक. बारीक नळीच्या मागे मोठी कोठी भरून दारू जाळली, तर तोच वायू अरुंद वाटेने घुसतो आणि झीज वाढते. नळी गार होऊ न देता सतत मारा केला, तर तापलेले पोलाद लवकर हार मानते. म्हणूनच मशिनगनला पाण्याचे आवरण किंवा झटपट बदलता येणारी नळी द्यावी लागली. फार मोठ्या तोफेत दारूचे प्रमाण नळीच्या पृष्ठभागाच्या मानाने जास्त असते. म्हणून रायफल हजारो गोळ्या सोसते, तर ब्रिटिश आरमाराच्या १५ इंची तोफेची नळी पूर्ण भाराच्या सुमारे ३३५ बारांनंतर बदलायला येई.

याशिवाय निगेचा भाग आहे. जुन्या काडतुसांच्या टोपीतील क्लोरेटमुळे नळीत क्षार उरे. तो हवेतील ओल शोषून गंज धरी. पावसाळी मुलखात तर एका रात्रीत डाग पडत. म्हणून शिपायाला नळी उकळत्या पाण्याने धुऊन मग तेल लावण्याची शिस्त होती. अतिकाळजीही बाधक ठरे. साफसफाईची दोरी रोज एकाच कडेवर घासून तोंडाशी खाच पडे, आणि न झाडलेल्या बंदुकीचाही नेम बिघडे.

पॅरिसवर मारा करणारी तोफ

वेगाच्या हव्यासापायी नळीची किती आहुती द्यावी लागते, याचे टोकाचे उदाहरण १९१८ मध्ये दिसले. २३ मार्च रोजी जर्मन तोफखान्याने सुमारे १२० किलोमीटर अंतरावरून पॅरिसवर मारा सुरू केला. क्रुप कारखान्याची ही तोफ आरमारी तोफेच्या नळीत २१० मिलिमीटर मापाची लांब नळी बसवून केलेली होती. गोळा सेकंदाला सुमारे १,६०० मीटर वेगाने निघे.

दर बाराला नळी इतकी झिजे, की गोळ्यांना क्रमांक देऊन प्रत्येक पुढचा गोळा मागच्यापेक्षा किंचित मोठा केलेला होता. क्रम चुकवून चालत नसे. साठपासष्ट बारांनंतर नळी काढून ती मोठ्या मापाची कोरावी लागे. ऑगस्टपर्यंत चाललेल्या या माऱ्यात सुमारे अडीचशे नागरिक मृत्यू पावले. त्यांतील ऐंशीहून अधिक जण २९ मार्चच्या गुड फ्रायडेला सेंट जर्व्हेच्या चर्चमध्ये प्रार्थनेला जमले होते. युद्धाचा निकाल या तोफेने यत्किंचितही बदलला नाही. पराक्रम म्हणून मिरविलेले हे यंत्र स्वतःलाच खात होते, आणि त्याने घेतलेले बळी बहुतांशी निःशस्त्र होते.

याउलट ब्रिटिश आरमाराने १२ इंची तोफेचा वेग वाढविण्याच्या प्रयत्नात झीज आणि नेमाची बिघडलेली स्थिती अनुभवली, आणि १९१० च्या सुमारास १३.५ इंची तोफेकडे वळताना वेग कमी केला व गोळा ८५० पौंडांवरून १,२५० पौंडांवर नेला. मारा अधिक भेदक झाला आणि नळीही अधिक टिकली.

नळीतील नळी

विसाव्या शतकात उपाय अनेक निघाले. नळीला आतून क्रोमियमचा मुलामा देण्यात आला. मशिनगनच्या नळीत कोठीलगत स्टेलाइट या उष्णतेला दाद न देणाऱ्या मिश्रधातूचे अस्तर बसविले गेले. नायट्रोग्वानिडीन मिसळून दारूची आंच कमी केली गेली. स्वीडनमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड आणि मेण यांचे मिश्रण दारूच्या भाराभोवती गुंडाळण्याची युक्ती निघाली. त्याचा थर नळीचे उष्णतेपासून रक्षण करतो. मोठ्या तोफांची झिजलेली आतली नळी काढून नवी बसविण्याची पद्धत तर सर्वमान्य झाली.

या साऱ्यांचे मूळ सूत्र एकच आहे: बळ सोसणारे बाह्य अंग वेगळे आणि झीज सोसणारे अंतरंग वेगळे. दिल्लीजवळ हाती आलेल्या १३ चार पौंडी तोफांत तेच सूत्र होते. त्या ओतणाऱ्या कारागिरांची नावे अहवालात नाहीत. लढाया हरल्या की कारखान्यांची स्मृतीही पराभवाच्या हिशेबात बुडते, आणि विजेत्याच्या यादीतील एखादी ओळच तिची साक्ष म्हणून उरते. ती ओळ लक्षपूर्वक वाचली, तर उणिवेच्या काळातही विचार करून काम करणारे हात मथुरा-उज्जैनच्या भट्ट्यांवर होते, हे निःसंशय दिसते. माळव्याच्या आणि ग्वाल्हेरच्या इतिहासात त्या हातांना त्यांचे स्थान मिळणे उचित आहे.